बर्फाचे पैसे

मिस्सा संपली की सॅक्रिस्टीच्या टेबलावर
मखमलीची झोळी उपडी करतो मी.
तीस वर्षं वेंगुर्ल्याच्या पोस्टात मनिऑर्डरी मोजल्या,
बोटांना सवय आहे;
पण या नोटांना वास येतो
बांगड्याचा, खोबरेल तेलाचा,
कुणाच्या तरी कनवटीच्या घामाचा.
आज दोन हजार एकशे चाळीस.
आणि एक नाणं कुवेतचं. नेहमीचंच.

पूर्वी हे पैसे जात कौलांना, मेणबत्त्यांना,
फेस्ताच्या बँडला.
नवे फादर आले, म्हणाले,
यापुढे अर्धी झोळी गावातल्या गरिबांची,
आणि हॉलमध्ये शिलाई मशीनं कुठे मांडायची
ते पावलांनी मापू लागले.
तेव्हा दारातूनच रुझारिन डिसोझा बोलली,
डोक्यावरची पाटी न उतरवता:
"शिवूक येळ कोणाक आसा, फादर?
आमका बरफ होयो."

मीही हसलो, खरं सांगायचं तर.

होड्या उशिरा लागल्या की मासळी रात्र काढत नाही.
दलालाला ते ठाऊक.
तो विडी ओढत बसून राहतो
आणि अंधार पडला की सुरमई
बांगड्याच्या भावात उचलतो.
गरिबी मी आजवर फॉर्मांवर वाचली होती,
वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात.
रुझारिनने ती तासांत मोजली:
दिवेलागणीपासून सकाळच्या बाजारापर्यंत,
अकरा.

चार पेट्या आल्या, निळ्या,
माणूस आडवा मावेल एवढ्या.
किल्ली फादरांकडे नाही, माझ्याकडेही नाही.
रुझारिन, झुआंवची सून इनास
आणि गाबीतवाड्यातली शेवंती गिरप,
या तिघी ठरवतात कुणाला किती बर्फ, किती उधार.
वही त्यांची. एकदा बेरीज तपासायला मागितली, तर
"वाचा, पण पेन खिशातच ऱ्हवांदे."

सगळं सुरळीत झालं असंही नाही.
मे महिन्यात एका पेटीचं झाकण फुटलं.
उधारीवरून इनासचा नवरा भांडला,
दोन रविवार देवळात फिरकला नाही.
दलाल अजून तिथेच बसतो,
फक्त आता भाव आधी विचारतो.

आज झोळीत वहीच्या कागदाची पुडी निघाली.
सत्तर रुपये. शेवंतीचं अक्षर:
"बर्फाचे. ऱ्हवलेले फुडल्या आयताराक."
ती कधी आत येत नाही,
कुणा पोराच्या हाती दिले असणार.
आता हे दान धरू की फेड?
माझ्या रजिस्टरात तसा रकाना नाही.
नोटा ओल्या होत्या.
खिडकीत वाळत ठेवल्या,
वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर
ते कुवेतचं नाणं.