आवराआवर, कुताइसी

कॉम्प्युटर उठायला अकरा मिनिटं घेतो.
तेवढ्यात आई परसातून लाकडं आणते,
शेगडी पेटवते, हात झटकते,
म्हणते, त्याचंही सकाळी असंच असायचं.

फॉन्टांच्या फोल्डरमध्ये चार हजार एकशे बारा.
थडग्यांवर नावं कोरून पोट भरणाऱ्या माणसाला
एवढे कशाला लागतात?
मेलेल्याला एक पुरतो. फार तर दोन,
एक नावाला, एक सालांना.
पण गिऱ्हाईक रडत यायचं, आणि बाबा त्याला
कॉफी देऊन पडद्यासमोर बसवायचे:
हा बघा, गोल पोटाचा, तुमच्या भावासारखा.
हा जरा ताठ. शाळेत शिकवायच्या ना त्या?
वाक्याच्या तोंडाशी मोठं अक्षर आमच्यात नसतंच,
देव आणि मुंगी एकाच उंचीचे,
म्हणून वळणावरच सगळी भिस्त.

मी उडवायला बसले आहे.
आधी जुळी भावंडं: वेल, वेल १, वेल नवा, वेल खरा नवा.
चौघांना शेजारी उभं केलं, केसाचाही फरक नाही.
मग तुटके.
मग लग्नपत्रिकांचे, शेपटीला कबुतर असलेले.
(दगडात कबुतर चोचीशीच फुटतं, बाबा म्हणायचे.)
मग बर्फाचे, रक्त गळणारे, काऊबॉयचे,
तिबिलिसीच्या बाजारात एका सीडीवर फुकट मिळाले
म्हणून ठेवलेले,
जशा आई मात्सोनीच्या रिकाम्या बरण्या ठेवते.

कुठलाही उघडा, तोच इंग्रजी कोल्हा
त्याच आळशी कुत्र्यावरून उडी मारतो.
आमच्या जुन्या फॉन्टांत मात्र
उडी आमच्या अक्षरांतून जाते
आणि अर्थाच्या अलीकडेच पडते.
आई चष्मा चढवून मोठ्यानं वाचते.
कोण बोलतोय हा? वरच्या डोंगरातला दिसतो. स्वान असेल.
आणि डिसेंबरनंतर, म्हणजे गेल्या डिसेंबरनंतर,
पहिल्यांदाच खो खो हसते.

दुपारपर्यंत दोनशे सहा उरले.
मशीन तीन मिनिटांत उठलं.
मी खूश. मग एक फाइल उघडली, नाव: त्सियाला.
आईचं नाव.
आत इंग्रजी अक्षरांची खिचडी,
शब्दाच्या मध्येच कॅपिटल उभं, रस्त्यात बैल उभा राहावा तसं.
शब्द जागेवर होते.
त्यांचे चेहरे मी सकाळी पुसले होते.

सीडी शोधली.
गॅरेजमध्ये नाही, दगडांच्या बिलांत नाही.
सापडली शिवणाच्या डब्यात,
बटणांच्या वर, आईच्या पासपोर्टाखाली.
वेल खरा नवा परत घातला.
खिचडीतून एकेक अक्षर पाठ वळवून सरळ झालं:
नाव. आडनाव. १९५२.
मग आडवी रेघ.
मग मोकळी जागा, चार अंक मावतील एवढी.

आई बराच वेळ बघत राहिली.
शेगडीतलं लाकूड एकदा तडकलं.
चूक आहे, ती म्हणाली. एकोणपन्नास.
मी त्याला बावन्न सांगितलं होतं.
रिओनीच्या पुलावर, पहिल्याच भेटीत, आणि मग
सुधारायचं कधी ते कळेचना.
पासपोर्ट शिवणाच्या डब्यात का ठेवते वाटतं तुला?
त्या डब्याला त्यानं उभ्या जन्मात हात लावला नाही.

मी सीडीकडे पाहिलं.
तिच्यावर बाबांच्या अक्षरात तारीख, दोन वर्षांपूर्वीची.
काही बोलले नाही.

साल बदलू का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली. त्यानं टाकलंय.
फक्त त्या दोनाचं बघ काहीतरी.
पोट फार सुटलंय.