चेंडू नसलेली बाजू

रिमगौदास गाडी चालवताना बोलत नाही.
रोकिश्किस ते उतेना, पाऊण तास
वायपर बर्फ बाजूला सारत राहतात,
मागच्या सीटवर माझ्या काळ्या बुटांना
ओल्या कुत्र्याचा वास.
पेट्रोल पंपावर कॉफीचा कागदी पेला हातात देऊन
मग एकच प्रश्न:
"तिसऱ्या क्वार्टरला सात नंबर काय करत होता?"

मला चेंडू आठवतो.
रिंगच्या कडेवर दोनदा नाचून बाहेर पडलेला,
त्याच्याबरोबर वर गेलेला अख्ख्या हॉलचा श्वास.
सात नंबर? नाही आठवत.

"तुझ्यापासून तीन पावलांवर
समोरच्या पोराची जर्सी मुठीत धरून उभा होता.
चेंडू बघायला हजार माणसं तिकीट काढून आली होती.
तू काढलं होतंस तिकीट?"

अकरा वर्षं मी जिल्ह्याच्या लीगमध्ये शिट्टी वाजवली.
शाळांचे हॉल, भिंतीला खेटलेली बेसलाइन,
कॅन्टीनमधून येणारा बीटच्या सुपाचा वास.
हात लागला की फुर्रर्र.
लोक नावानिशी शिव्या द्यायचे
आणि सोमवारी त्याच तोंडाने
औषधांच्या दुकानात माझ्याकडे खोकल्याचं सिरप मागायचे.
मी द्यायचे. पावती फाडून.

वरच्या लीगमध्ये मला कुणी ओळखत नाही.
तिथे आम्ही तिघं, एक रिंगखाली, एक मागे, एक पलीकडे.
भावाभावांत वाटणी व्हावी तशी जमीन:
हा कोपरा तुझा, हा माझा,
बांधावरून डोकवायचं नाही.
आणि हॉल जिकडे मान वळवेल
तिकडे आपली वळू द्यायची नाही.
मान हट्टी असते.
चाळिशीतली तर फारच.

रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात व्हिडिओ.
लॅपटॉपच्या काचेवर तो अंगठा ठेवतो, नेमका चेंडूवर,
चेंडू पळेल तसा अंगठा पळवतो.
(काचेवर डाग उठतात, बायको झिविले कुरकुरते.)
"आता सांग, काय दिसतं?"

दहा उंच माणसं दिसतात,
काहीतरी हरवल्यासारखी धावणारी.
एक दुसऱ्याची कंबर चाचपतो,
एक हात वर करून कुणालातरी बोलावतो
आणि कुणीच येत नाही.
एक नुसताच उभा, वाट अडवून,
पाय मात्र हळूच, बोटभर, सरकवत.

मार्चमध्ये पास्वलीसला, शेवटची नऊ सेकंदं.
एक मुलगा उडाला, त्याच्यावर दुसरा.
शिट्टी ओठांत होती, श्वास मी धरून ठेवला.
सुरुवात बघितली, मधलं बघितलं,
पाय जमिनीला टेकेपर्यंत सगळं.
नाही वाजवली.
हॉल अंगावर आला.
प्रशिक्षकाचा कोट माझ्या पायाशी येऊन पडला.

त्या रात्री, पाव वेगाने,
मनगटावर चार बोटं. स्वच्छ.
रिमगौदासने साखर न घातलेली कॉफी बराच वेळ ढवळली.
"चुकलीस," म्हणाला, "पण बघून चुकलीस.
आधी न बघता बरोबर असायचीस."
ही शाबासकी होती की काय,
उतेना येईपर्यंत ठरवता आलं नाही.

मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न.
दारात पाव आणि मीठ घेऊन मामा-मामी,
सगळे मोबाइल नवरीकडे.
माझी मान वळलीच नाही.
कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उग्ने, माझी धाकटी बहीण,
नवऱ्याच्या मुठीतून मनगट सोडवून घेत होती.
हसत. म्हणजे दात दाखवत.

माझा हात छातीपाशी गेला.
दोरी नव्हती, शिट्टी नव्हती.
मी दोन पावलं डावीकडे सरकले,
दोघांमधली फट जिथून दिसते
तिथे जाऊन उभी राहिले,
त्यालाही मी दिसेन अशी.