नळाला हात

होटगी रस्त्याला आमची शेवटची गल्ली.
पुढे तारेचं कुंपण, त्याच्यापुढे सपाट डांबर.
इतकी वर्षं तिथं टिटव्या राहायच्या,
आता विमान येतं.
येतं, अर्धा तास टेकतं, जातं.
पण उपरा पाहुणा चहापुरता आला तरी
घर दिवसभर हललेलं राहतं, तसं.

आधी मांडणीवरची ताटं बोलतात,
मग खिडकीची सैल काच,
मग माझ्या मशीनखालच्या डब्यातली बटणं.
मी शाळेचे गणवेश शिवते, डझनावर.
आवाज डोक्यावर आला की पाय पायडलवर तसाच राहतो
आणि कुठल्या तरी गावच्या, कुठल्या तरी पोराच्या
खिशाची शिवण वाकडी जाते.
उसवते. पुन्हा घालते.
उसवायचे पैसे कोण देतंय.

रविवारी लिंबाखाली मीटिंग झाली.
अक्षर बरं म्हणून अर्ज माझ्याकडे.
'विषय: आवाजाबाबत' एवढं लिहिलं
तेवढ्यात हत्तुरे म्हणाले, वरचा मजला चढवू देईनात, तेही घाला.
दस्तगीर मुजावरची शेळी आटली, ते घाला.
गटाराचं घाला, खांबावरच्या दिव्याचं घाला,
त्या लंगड्या कुत्र्याचं...
ते मात्र नको, ते कुणाला चावत नाही.
पाणी पाचव्या दिवशी येतं, हे कुणीच म्हणालं नाही.
ते आता तक्रारीत मोडत नाही,
पंचांगात मोडतं.

पण खरी गोष्ट तीच होती.
पाणी यायच्या आधी नळ श्वास सोडतो,
सूं करून, बारीक.
झोपेतली बाईसुद्धा तो ऐकून उठते.
मागच्या खेपेला तो सुटला
नेमका विमानाच्या पोटाखाली.
अंबुबाई चिप्पा विड्या वळत बसलेली, सूप मांडीवर;
हजारातल्या तीनशे झाल्या
तेव्हा उंबऱ्याला ओल आली आणि ती पळाली,
"नीळ्ळु! नीळ्ळु!"
निम्मं पाणी गटारात गेलेलं, निम्मी वेळ संपलेली.
मग पाच दिवस गल्लीनं एकमेकींना
तांब्यानं मोजून दिलं.

इरप्पाही आला होता मीटिंगला.
चाळीस वर्षं मागावर. ती खटखट कानात शिरली
आणि जाताना बाकीचं सगळं घेऊन गेली.
तेव्हा कुणी अर्ज केला नव्हता.
हातवारे करून विचारलं, विमानाचा त्रास होतो का?
म्हणाला, "कुठलं विमान?"
हसले सगळे. मीही.

अंबुबाईच्या धाकट्यानं, श्रीनिवासनं,
विमानतळावर फरशी बसवलीय.
विमानात नाही बसला, पण आत जाऊन आलाय.
सांगत होता, तिथल्या नळाला चावीच नाही.
नुसता हात धरायचा खाली, पाणी येतं.
काढला की थांबतं.
"कितीही वेळा?"
"कितीही बे. मी सात वेळा केलं."
त्यानंतर जरा वेळ कुणीच काही बोललं नाही.
हत्तुऱ्यांनी चष्मा पुसला.

आज पाचवा दिवस.
सकाळपासून चाव्या सोडून ठेवलेल्या,
घागरी रांगेत, तोंडं वर.
साडेनऊला ताटं बोलायला लागली,
मग काच, मग बटणं,
मग काही म्हणजे काहीच ऐकू येईना.
समोरच्या ओट्यावर इरप्पा उकिडवा बसलेला,
पाइपावर तळवा ठेवून,
ताण्याला हात लावून
कुठलं सूत तुटलं ते ओळखायचा तसा.
विमानानं त्याच्या टकलावरून सावली ओढत नेली.
त्यानं मान वर केली नाही.
दुसरा हात केला.

आम्ही पळालो.

गडबडीत भरली कळशी अर्जावरच टेकवली मी.
'आवाजाबाबत'मधला आ तेवढा
भिजून फुगलाय.