गळ

रेकॉर्डिंग क्रमांक चारशे बारा.
चेहरा दिसत नाही, नुसता बाण दिसतो
पांढऱ्या पडद्यावर सरपटणारा.
झेनोन, वय एकोणऐंशी, ग्दिन्या.
गेलेल्या बायकोचं खातं बंद करायचंय.

‘रद्द करा’ मीच ठेवलं होतं तळाशी,
राखाडीवर राखाडी,
धुक्यात उभ्या केलेल्या दारासारखं.
त्याच्यावर हिरवंगार ‘थांबते!’
आणि एका गुरुवारी रात्री
गार कॉफीच्या जोरावर सुचलेली ओळ:
‘खरंच का ओतिलिया, एवढ्यात कंटाळलीस आम्हाला?’

बाण थांबला.
सव्वा मिनिट हललाच नाही.
मग पुन्हा पहिलं पान, पुन्हा सेटिंग्ज,
पुन्हा ओतिलिया.
शेवटी त्यानं हिरवं दाबलं.
आमच्या तक्त्यात ही नोंद
‘यशस्वी’ या रकान्यात आहे.

शनिवारी बंदराजवळच्या मंडईत गेले.
वेस्वावाबाई तीस वर्षं मासे विकतात,
आग्रहात त्यांचा हात कुणी धरत नाही.
“हा धुरावलेला मॅकरेल ने गं,
वर कच्चा कांदा घाल,
नवरा भांडण विसरेल.”
मी हेरिंगकडे बोट दाखवलं.
“तो नको. कालचा आहे.”
आणि काटा माझ्याकडे वळवून त्यांनी वजन केलं.
नवरा नाही मला.
तरी मॅकरेल घेतला.

ती गळ घालतात,
तो गळ टाकतात.
शब्द एकच,
आणि मधल्या फटीत माझा पगार.

सोमवारी ‘रद्द करा’ काळं केलं, वर आणलं.
‘हो’ आणि ‘नाही’ एकाच मापाचे कापले.
खाली एक ओळ, दिवसाउजेडी लिहिलेली:
‘वर्षाचे एकदम भरलेत तर स्वस्त पडेल.
नको असेल, तर इथूनच बाहेर.’

कोर्दियान आकडे घेऊन आला.
“एवढी माणसं घालवलीस?”
म्हटलं, ती कधीच गेली होती.
आपण फक्त त्यांच्या कोटाची बाही
दारात धरून बसलो होतो.
त्यानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

झेनोनला सात महिन्यांचे पैसे परत गेले,
सोबत माझं पत्र.
उत्तर नाही.

रेकॉर्डिंग क्रमांक चारशे एकोणचाळीस.
बाण सरळ काळ्या बटणाशी आला
आणि दाबेना.
भोवती फिरला, एकदा, दोनदा,
लांब गेला, परत आला,
काटा कुठे आहे
ते हुंगत.