डिमर

किथलीतलं हे घर दगडी, भिंती हात हातभर जाड.
तळमजल्यावरचा वायफाय जिन्याच्या सहाव्या पायरीवर दमतो,
माळ्यावर माझ्या खोलीत येतो तो फक्त
येऊन गेल्याचं सांगायला.

"भोकं पाडायची नाहीत," मिस्टर ॲकरॉइड म्हणाले.
"तार आहेच की भिंतीत. चौऱ्याहत्तर साली मीच ओढली."
आणि खोक्यातून काढले दोन पांढरे ठोकळे,
साबणाच्या वड्यांएवढे.
एक खाली राउटरपाशी, एक वर माझ्या टेबलामागे.
"एक्स्टेन्शनला नको. थेट भिंतीत. तारेला मध्यस्थ खपत नाही."
दोन्ही बटणं दोन मिनिटांच्या आत दाबायची होती,
म्हणून ब्याऐंशीव्या वर्षी ते जिन्याखालून ओरडले, "दाबलं!"
आणि मी वरून, "दाबलं!"
हिरवा दिवा लागला.
विजेच्या पाठुंगळीला बसून आली माझी बहीण
इचलकरंजीहून, केस विंचरत.

(आमच्या गल्लीत रात्रभर माग चालायचे.
त्या खडखडाटात आम्ही पोरं ढाराढूर.
लाइट गेली, माग थांबले,
की सगळ्यांना एकदम जाग यायची.)

पण रोज पहाटे पाच चाळीसला
नव्वदचा वेग अकरावर.
बहिणीचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडं.
चार दिवस वहीत वेळा लिहिल्या, मग चोर सापडला:
स्वयंपाकघरातल्या दिव्याचा डिमर,
पितळी, बोटांनी झिजलेला, फिरवला की माशीसारखा गुणगुणणारा.
"जीनला अर्धशिशी होती," ते म्हणाले.
"उजेड सुईसारखा टोचायचा तिला."
मी म्हटलं, नवा मिळतो, बारा पौंडांना, आवाज न करणारा, मी देते पैसे.
त्यांनी चहात दूध ओतलं.
ढवळलं.
तो विषय तिथेच विरघळला.

मग मीच सवय लावून घेतली.
शनिवारी दहाला व्हॅक्यूम क्लीनर, तेव्हा फोन नाही.
मध्यरात्री दोनला एक बारीक उचकी:
म्हणजे बाथरूमचा पंखा, म्हणजे त्यांना झोप नाही.
पाच चाळीसला बहीण स्वतःच थांबायची,
"आले का गं तुझे ॲकरॉइड?"
आणि तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे.

फेब्रुवारीतला एक मंगळवार.
बहीण बोलतेय: गवारीचा भाव,
सासऱ्यांचा मोतीबिंदू, जावेनं परत न दिलेला कुकर.
एक अक्षर तुटत नाही.
तिच्या हनुवटीवरचा तीळ
मला कित्येक महिन्यांनी दिसला.
"आज नेट किती छान आहे," ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं.
सहा वाजून पाच.

जिना अनवाणी उतरले, तो बर्फासारखा.
स्वयंपाकघर काळोखात.
ते फरशीवर, कपाटाला पाठ टेकून,
एक पाय भलतीकडेच वळलेला,
एक चप्पल पायात, एक स्टोव्हखाली,
आणि स्विच त्यांच्या हातापासून दोन वीत वर.
किती वेळ, विचारलं. ते म्हणाले, बराच.
मी त्यांच्या अंगावर माझी शाल टाकली, तीन नऊ दाबले,
पत्ता सांगितला, पोस्टकोड दोनदा सांगितला.

मग ते ओठ ओले करत म्हणाले,
"वर तुटलं का तुझं?"
"नाही," मी म्हणाले. "तुटलं नाही. म्हणून तर आले."
ते हसायला गेले आणि कळवळले.

त्यांच्या डोळ्यांना लागू नये म्हणून
मी डिमर हळूच फिरवला, पाव उजेडावर.
माशी गुणगुणू लागली.
वर माळ्यावर बहीण
कुकरच्या मधल्या अक्षरावर थांबली असणार.