काचेचं नाक

लिलावात बोली लावणारे तिघेच होते,
त्यातला एक थंडीला कंटाळून घरी गेला.
तातोने पंचेचाळीस डॉलर मोजले.
विमानाच्या टाकीत त्याहून जास्तीचं पेट्रोल होतं.

सव्वीस मैल ट्रॅक्टरने ओढत आणलं,
पंख काढून, शेपटी पुढे करून.
सास्काचेवनचा तो सपाट रस्ता,
उद्या येणारा माणूस जिथे आजच दिसतो,
आम्ही दुपारभर त्याला नुसतं येताना पाहिलं.
आई म्हणाली, लढाई संपली ना?
मग हे घरी का आणलंस?

चाकं गवताच्या गाड्याला गेली.
सुकाणूच्या तारांवर आमचे कपडे वाळले,
वीस वर्षं गंज नाही.
आसनाच्या चामड्याचे मेथोडीच्या बुटांना तळ लागले.
आणि पुढचं काचेचं नाक,
ज्यात पालथं पडून
कुणी पोरगा नेम धरायला शिकला असेल,
ते आईने वाफ्यावर पालथं घातलं.
मे महिन्यातल्या उशिराच्या हिमात
टोमॅटोची रोपं आत ताठ उभी,
जणू हुकमाची वाट बघत.

तेव्हा सगळंच असं मिळायचं.
शेजारच्या सिगुर्डने एका गाभण डुकरिणीवर हडसन घेतली.
रविवारी तीत आठजण चर्चला,
सोमवारी बटाटे.
पुढे मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या,
तर म्हणाला, चला, अजून चालतेय.

आज ओक्लाहोमाहून एकजण आलाय, स्वच्छ नखांचा.
बरगड्यांतून पॉप्लर उगवलेत,
त्यांच्यामधून वाकून तो
एकेक रिव्हेट नाडी बघावी तसा दाबतो.
मग आकडा सांगतो.
मी पुन्हा विचारते. कानाचं यंत्र, म्हणते.
त्या आकड्यात तातोचं शेत चारदा आलं असतं.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
खरंय, तेव्हा नव्हतं.
पंचेचाळीस डॉलर आणि एक ट्रॅक्टर असला
की कुणीही आभाळाचा तुकडा आणून
गोठ्यामागे ठेवू शकत होतं.

असं मी सगळ्यांना सांगते.
मेथोडीचं सांगत नाही.
रोज संध्याकाळी तो त्या तळ नसलेल्या कॉकपिटमध्ये बसायचा,
तोंडाने दोन्ही इंजिनं चालवत.
अठराव्या वर्षी शहरात गेला, फ्लाइंग क्लबची फी विचारली,
जेवायच्या आत परत आला.
नंतर कधी आत बसला नाही.
विमान स्वस्त होतं.
उडणं नव्हतं.

सही करताना पाहुणा विचारतो, नाक कुठंय?
मूळचं असेल तर वर पंधरा हजार देईन.
गारांनी फुटलं, मी म्हणते.
एकोणसत्तर साली.
तो वहीत लिहून घेतो.

नकटं विमान ट्रेलरवर चढतं.
त्याला जाताना मी संध्याकाळपर्यंत बघते,
रस्ता अजून तसाच आहे.

रेडिओवर रात्री शून्याखाली दोन सांगितलंय.
रोपं अजून बोटभरच आहेत.