शिनोळीपर्यंत आणि परत

इराण्णाच्या दुकानात ती भिंतीला टांगलीय.
पुढून दोन दांडे शिंगांसारखे सरळ बाहेर,
सीट पुढं सरकलेली, सगळा भार नाकावर.
"बस की एकदा. बसायला दुड्डू लागत नाही."
मी बसतो.
कोपरं गाद्यांवर, पाठ आडवी, हनुवटी चाकाच्या वर.
असाच तर वाकलेला असतो मी वीस वर्षं
उद्यमबागेत, लेथवर,
हायड्रॉलिकचा रॉड शतांशावर आणत.
पाठीला नवीन काहीच शिकवायचं नाही.

एक लाख ऐंशी हजार.

मालूनं गॅसच्या पावतीमागं हिशेब मांडला :
शेडचा पत्रा,
समिधाची दोन वर्षांची फी,
उरले तर आईचे दात.
नको म्हणाली नाही.
पावती मिठाच्या बरणीखाली ठेवली फक्त.
"वेळ किती वाचतो?"
"नव्वद किलोमीटरला सहा मिनिटं. इराण्णा म्हणतो."
"म्हणजे मिनिटाला तीस हजार.
एवढे तर कोर्टातला वकील घेत नाही."

जुनी निळी सायकल
कॅम्पातल्या एका मेजरनं बदलीच्या घाईत विकलेली.
तिच्या हँडलला मी भंगारातल्या अॅल्युमिनियमचे दांडे जोडले,
समिधाच्या फाटक्या दप्तराचा स्पंज कोपरांखाली शिवला.
बाचीच्या उतारावर एक वेल्ड सुटला.
तोंडावर पडलो नाही,
पण पुढं आठवडाभर
ब्रेकवरचा हात काढवेना.

कोल्हापूरला एकशे बारांत एकाहत्तरावा आलो.
कारखान्यात परसू विचारतो, "बक्षीस?"
"मेडल. आणि दोन केळी."
"मेडल सगळ्यांनाच?"
"होय की."
"मग पुढं जाऊन काय करतोस गा?"
मी ड्रिलचा आवाज वाढवला.

रविवारी पहाटे वेंगुर्ला रोड.
हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा,
दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली,
अंगावर येऊन भुंकणारं तेच एक कुत्रं.
शिनोळीला डांबराचा आवाज बदलतो.
टायरला कळतं आधी, मग मला,
मग खिशात फोन थरथरतो : महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
मी पाय टेकतो, पाणी पितो, वळतो.
पाच मिनिटांनी फोन परत कर्नाटकात.
चार वर्षं झाली, त्याचं स्वागत काही संपत नाही.

त्या रविवारी येताना वारं समोरून होतं.
मी तोंडातल्या तोंडात बोलत होतो :
चेन जुनी, चाकं जड,
मेजरनं फसवलं,
ही सायकल माझ्या मापाचीच नाही.
आणि उचगाव फाट्याजवळ एक म्हातारा
तीन गोण्या चारा लादून, वाऱ्यातच,
माझ्या पुढं.
मागं वळूनही बघितलं नाही त्यानं.

मग मला गप्प बसावं लागलं.
चार वर्षांत तिनं माझं एवढं वजन वाहिलं नसेल
जेवढी माझी गाऱ्हाणी वाहिली.
बोर्डात शेहेचाळीस टक्के, तेव्हा मास्तर वाईट होते.
रॉड बाद झाला, तेव्हा लोखंड वाईट होतं.
मला ती महागडी हवी होती
सहा मिनिटांसाठी नाही, मालू.
तिच्यावर मागं पडलो
तर दोष द्यायला कुणी उरणार नाही.
किती हळू आहे मी,
हे मला एकदा नीट,
कुठलाही टॉलरन्स न धरता, मोजायचंय.

हे सगळं तिला सांगता आलं नाही.
एवढंच म्हणालो, "घेऊ का?"
तिनं बरणी उचलली,
पावतीवरच्या पत्र्यावर काट मारली,
शेजारी लिहिलं : यंदा पण बादली.
दातांना हात लावला नाही. ते राहिलेच पाहिजेत, म्हणाली,
आणि निळी विकायची नाही, त्यावर समिधा क्लासला जाईल.

दुकानात तिनं एकदाच हात फिरवला,
थंड कार्बनवरून, कापड बघतात तसा.
"हिला घंटी कुठाय?"
इराण्णा हसला. "हिला घंटी नसते, वैनी. जागाच नाही."
"मग गल्लीतली पोरं कशी बाजूला होणार?"
तो माझ्याकडं बघायला लागला.

मी गुडघ्यावर बसलो, दांड्याखाली बोट सरकवलं.
बावीस पूर्णांक दोन.
क्लॅम्प होईल, सोमवारी जेवणाच्या सुट्टीत.
व्हर्निअर खिशातच होता.